हानुस थांबतो

त्या रविवारी चर्चमध्ये अकरा माणसं होती. दोन स्पीकर, एक माइक, पाच श्रवणयंत्रं, आणि वाचकाच्या मेजामागे एक रिकामी खुर्ची. आवाज मात्र बारा येणार होते. बारावा हानुसचा, आणि हानुसला पुरून चार महिने झाले होते.

रान्वा शेवटच्या बाकावर लॅपटॉप उघडून बसली होती. भौतिकशास्त्र शिकून ती उत्तरेकडच्या या लहान बेटावर परतली तेव्हा हानुस आजारी होता. पाद्री हैनी दीड महिन्यातून एकदा बोटीने येत, तेही समुद्राने येऊ दिलं तर. मधल्या रविवारी गावातल्याच कुणी उभं राहून छापील प्रवचन वाचायचं आणि स्तोत्राचा सूर लावायचा, ही इथली पद्धत. चाळीस वर्षं ते काम हानुसने केलं. चर्चमध्ये ऑर्गन नाही. हानुस सुरुवात करायचा आणि बाकीचे एका श्वासाच्या अंतराने त्याच्या मागोमाग येत.

तो गेल्यावर त्या खुर्चीवर बसायला कुणी तयार होईना. वाचक नाही म्हणजे चर्चला कुलूप. मग रान्वाने जुन्या ध्वनिमुद्रणांवरून त्याचा आवाज तयार केला. यंत्रात प्रवचन घातलं की हानुस वाचायचा, स्तोत्र घातलं की गायचा.

"यात धर्माला आडवं येणारं काही नाही," पाद्री म्हणाले होते. "हानुसने कधी पदरचं एक वाक्य घातलं नाही. वाचक हा नळ. पाणी वरून येतं."

"नळालासुद्धा तोटी असते, पाद्रीबुवा," हानुसची बायको सुन्नुवा म्हणाली होती. पण 'नको' असं ती म्हणाली नव्हती. आवाज कायमचा ठेवायचा की नाही, हे ती आज उपासनेनंतर सांगणार होती. तिच्या शब्दावर चर्च उघडं राहणार होतं किंवा बंद होणार होतं.

आधीचे चार रविवार निभावले होते. तक्रार एकच, हा हानुस फार पुढे पळतो, म्हातारी माणसं मागे राहतात. पाद्रींनी फोनवर सांगितलं, "त्याला जरा थांबायला शिकव." म्हणून या आठवड्यात रान्वाने यंत्राला माइकचे कान दिले. सगळ्यांनी एक सूर गाठून तो सोडला, की मगच त्याने पुढचा सूर घ्यायचा.

पहिली ओळ सुरळीत गेली. दुसरी लांबली. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर रान्वाच्या लक्षात आलं की माणसं हानुसच्या पुढच्या सुराची वाट बघताहेत, आणि हानुस माणसांची.

सूर जागेवरच राहिला. कुणी सोडेना. माणसं आळीपाळीने श्वास घेऊन पुन्हा त्याच सुरावर येत होती. स्पीकरमधल्या हानुसला श्वास लागत नव्हता. एक कळ दाबली असती तर सगळं थांबलं असतं. रान्वाचं बोट कळीवर होतं, पण दाबवेना.

निवृत्त कोळी त्रोन्दुर खोकला आणि गप्प झाला. मग त्याच्या शेजारची. एकेक करत सगळे गळाले, आणि पुढच्या बाकावरची सुन्नुवा तेवढी राहिली. तिचा आवाज दोऱ्याइतका बारीक झाला होता. त्याखाली हानुसचा सूर तसाच भरदार, न हलणारा. कुणी मागे वळलं नाही. रिकाम्या खुर्चीकडेही कुणी बघितलं नाही.

तिचा श्वास संपला. हानुसने मुकाट्याने पुढचा सूर घेतला आणि तिथे थांबला. कुणीतरी मागून येईल म्हणून थांबून राहिला.

रान्वाने कळ दाबली.

नेहमीप्रमाणे सगळे कॉफीला सुन्नुवाकडे गेले. केकवर रुबार्बच्या आंबट देठांचा मुरंबा होता.

"आजी, चूक माझी आहे," रान्वा म्हणाली. "तो थांबतो ते मी काढून टाकते. पुढच्या रविवारी बरोबर होईल."

"बरोबर कसलं गं? मला आज आवडलं, तेच तर वाईट झालं." सुन्नुवाने तिच्या कपात कॉफी ओतली. "जिवंतपणी माझा हानुस कधी थांबला नाही. चर्चला निघाला की मी अजून बूट घालते आहे आणि हा कुंपणापाशी. गाण्यातही तसाच. पुढे जायचा, म्हणून आम्हाला कळायचं कुठे जायचं ते."

"मग थांबणं काढलं की झालं ना?"

"मागच्या रविवारी नव्हता थांबत. तेव्हाही मला करमलं नाही, का ते आज कळलं. हानुस गाताना आमच्याकडे कान देत नसे, पोरी. त्याचा कान दुसरीकडे असायचा. तिकडून काही ऐकू यायचं की नाही, देव जाणे. पण लावलेला असायचा. तुझ्या पेटीला ऐकायला फक्त आम्हीच आहोत."

"मी जिथे सांगेन तिथे ती कान लावेल," रान्वा म्हणाली, आणि आपण काय बोललो हे तिला कळलं.

"बंद कर ती. आणि पुसून टाक. ठेवलीस तर मी रोज येऊन म्हणेन, लाव गं जरा."

"म्हणजे कुलूप," त्रोन्दुर म्हणाला. "वाचेन मी, हवं तर. अडखळत का होईना. पण माझा गळा समुद्रातल्या सीलचा. सूर लावला तर मेंढ्या कड्यावरून उड्या टाकतील."

"टाकू देत," सुन्नुवा म्हणाली. "केक घे."

पुढच्या रविवारी दहा जण आले. स्पीकर भिंतीवरच होते, पण तारा काढलेल्या. रान्वाने माइक तेवढा चालू ठेवला. त्रोन्दुरने अडखळत प्रवचन वाचलं, एक पान चुकून दोनदा. मग तो खाली बसला. आता सूर लावायला कुणी नव्हतं. लोक पायांकडे बघत राहिले. वारा दाराशी घुटमळत होता.

सुन्नुवा बाकाला धरून उठली. खुर्चीकडे गेली नाही, जागेवरूनच तिने पहिला सूर लावला. जरा वरच लागला. मागे वळून न बघता ती पुढच्या सुराकडे निघाली.

संध्याकाळी रान्वाने घरी ध्वनिमुद्रण लावलं. सुन्नुवामागून आलेला पहिला आवाज माइकच्या अगदी जवळचा होता. रान्वाचा स्वतःचा. सुन्नुवाचा पहिला सूर आणि तो आवाज यांच्यातलं अंतर तिने तीनदा मोजलं.

सहा पूर्णांक दोन सेकंद. एका श्वासाहून कितीतरी जास्त, आणि तेवढा वेळ सुन्नुवा एकटीच पुढे जात राहिली होती.