दुकानाच्या खात्यातले फोटो

राजमहंमदनं माइकवर दोनदा टिचकी मारली, घसा खाकरला आणि कंपनीनं लिहून दिलेला कागद चष्म्यासमोर धरला.

"बंधू-भगिनींनो, तुमच्या मोबाईलमधले फोटो या घडीला कुणीतरी बघतंय!"

भवानीनगरच्या बाजारात मेथीच्या जुड्या निवडणाऱ्या बायकांनी माना वळवल्या. पेरूच्या क्रेटवर बसलेला रावजी तिथूनच ओरडला, "कोण बघतंय त्याचं नाव सांग की गड्या! उगं भ्या कशाला दावतोस?"

बाजार हसला. राजमहंमदही हसला, पण पुढची ओळ वाचताना त्याची जीभ अडखळली आणि त्यानं माइक प्रतिक्षाच्या हातात दिला.

प्रतिक्षा बारामतीहून आली होती. 'फोटोकवच' नावाचं ॲप विकणाऱ्या कंपनीची ती पोरगी. गळ्यात ओळखपत्र, मागं कुलपाचं चित्र असलेला बॅनर, आणि बोलणं असं की समोरच्याला जांभई द्यायला सवड मिळू नये. महिन्यापूर्वी कुठल्याशा क्लाऊड कंपनीतून हजारो लोकांचे घरगुती फोटो बाहेर पडले, नको तिथं फिरले, पेपरात आलं, टीव्हीवर आलं, आणि काटेवाडीपासून निरवांगीपर्यंत लोकांनी धसका घेतला. ज्यांच्या फोनमध्ये गाई आणि ठिबकच्या नळ्यांशिवाय दुसरा फोटो नव्हता, तेसुद्धा चारचौघांत फोन पालथा ठेवायला लागले. अशा वेळी कुलपं चांगली खपतात. पण परक्या पोरीवर गाव भरवसा ठेवत नाही, म्हणून कंपनीनं राजमहंमदला गाठलं. स्टँडजवळ बारा वर्षं त्याचं मोबाईलचं दुकान होतं. चाचानं सांगितलं म्हणजे झालं, असं निम्मं गाव म्हणायचं.

"आता प्रत्यक्ष करूनच दाखवते," प्रतिक्षा म्हणाली. "कुणाचा फोन देता?"

ठमाबाईनं मोठ्या हौसेनं आपला फोन पुढं केला. प्रतिक्षानं सेटिंग उघडलं, बोट वरखाली फिरवलं आणि बोलता बोलता एकदम थांबली. माइक बंद करून ती राजमहंमदच्या कानाशी आली.

"चाचा, यांच्या फोनमध्ये तुमच्या दुकानाचं खातं कसं काय?"

"मंग दुसऱ्या कुणाचं असणार? त्यांच्याकडं मेल कुठं व्हता?"

खरंच, कुठं होता? नवा फोन सुरू केला की तो आधी मेल मागतो, मग पासवर्ड मागतो. उसाला पाणी सोडून आलेल्या माणसानं तो कुठून आणायचा? राजमहंमद सरळ दुकानाचाच मेल टाकायचा, दुकानाचाच पासवर्ड टाकायचा, पाच मिनिटांत फोन चालू करून हातात द्यायचा आणि वर चहा पाजायचा. यात काही वावगं आहे असं त्याला वाटलं नाही, गावालाही वाटलं नाही. पुढं कधीतरी त्याच्या ध्यानात आलं, की त्या सगळ्या फोनमधले फोटो आपसूक दुकानाच्या खात्यात येऊन पडतात. लोक फोनमधली साधी गॅलरीच उघडायचे, तिथं ज्याचे त्यालाच दिसायचे.

ध्यानात आलं त्याच दिवशी त्यानं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

बायको, बिस्मिल्ला, गेल्यापासून घर त्याला खायला उठायचं. एकट्यापुरती भाकरी थापायची, एकट्यानं खायची, आणि ताट विसळताना कुणाला तरी काहीतरी सांगावंसं वाटलं तर गिळून टाकायचं. दुपारी बाजार निवला की तो काउंटरमागं बसून फोटो बघायचा. कुणाचं नवं वासरू, कुणाच्या दारातला मांडव, कुणाची पोर शाळेच्या पहिल्या दिवशी रडताना. आपण त्या पंगतीत बसलोय असं त्याला वाटायचं. वाईट नजरेनं त्यानं काही बघितलं नाही. तसलं काही आलंच तर अंगठ्यानं पुढं ढकलायचा. पण बघितलं, हे काही खोटं नाही.

आणि त्याच फोटोंत समिनाचे फोटो होते.

समिना त्याची एकुलती एक लेक, इंदापूरला दिलेली. लग्नात त्यानंच तिला फोन दिला होता, सवयीप्रमाणं दुकानाच्या खात्यावर सुरू करून. बिस्मिल्ला आजारी पडली तेव्हा तिला पुण्याला हलवा म्हणून समिना रडली, भांडली, पाया पडली. यानं ऐकलं नाही. आईच्या चाळिसाव्याच्या दिवशी चार माणसांत ती बोलली, "अम्मी तुमच्या हट्टापायी गेली." आणि हा बोलून बसला, "या घराचा उंबरा परत चढू नगंस." ती चढली नाही. यानं बोलावलं नाही. चार वर्षं गेली. नात झाली त्याचा निरोपसुद्धा आला नाही. तिचं नाव सिमरन आहे, हे त्यानं वाढदिवसाच्या केकवर वाचलं. तिचं रांगणं, तिचे दात, जावई शाहिदच्या खांद्यावर बसून बघितलेला उरूस, सगळं त्याला असंच मिळालं होतं. त्याच्याजवळ आपलं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

"किती फोन असतील असे?" प्रतिक्षानं विचारलं.

"साठ-सत्तर तरी असत्याल."

तिनं कपाळाला हात लावला. "चाचा, हे उद्या बाहेर कळलं तर लोक तुम्हाला दारात उभं करणार नाहीत." मग तिनं जरा विचार केला आणि चेहरा एकदम खुलला. "एक काम करा. खात्याचा पासवर्ड बदलून टाका. सगळे फोन त्या खात्यातून बाहेर पडतील आणि पासवर्ड मागायला लागतील. मग लोक जातील कुठं? तुमच्याच दुकानात येतील. तिथंच प्रत्येकाचं स्वतःचं खातं उघडून द्या आणि लगेच कवच टाकून द्या. गिऱ्हाईक आपल्या पायानं दारात!"

"आन् जी येणार न्हाईत त्यांचं काय?"

"काय व्हायचंय? त्यांचे फोटो तुमच्याकडं यायचे बंद होतील. एवढंच."

एवढंच! त्या पोरीला काय ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं शटर अर्धंच वर केलं आणि आत जाऊन बसला. परवाचा एक फोटो आला होता. सिमरन कसलातरी रुसवा धरून मोरीच्या कठड्यावर बसली होती, एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. रुसली की बिस्मिल्लाचा ओठ असाच बाहेर यायचा. त्यानं पुष्कळ वेळ तो फोटो बघितला. समिनाचे तेवढे काढून वेगळे ठेवावेत असं मनात येऊन गेलं. पण ठमाबाईचे पुसायचे आणि लेकीचे चोरून ठेवायचे, हा कुठला न्याय? तिला विचारलं होतं का कधी?

त्यानं पासवर्ड बदलला. मग खात्यातले झाडून सगळे फोटो पुसले. ज्याचे त्याच्या फोनमध्ये राहणारच होते. इथं मात्र पडदा पांढराफटक झाला.

दहा वाजल्यापासून लोकांची रीघ लागली. राजमहंमद एकेकाचं खातं उघडून द्यायचा, पासवर्ड टाकायची वेळ आली की फोन गिऱ्हाइकाच्या हातात देऊन भिंतीकडं तोंड करायचा.

"आता हे काय नवीन सोंग?" ठमाबाई म्हणाली. "मला न्हाय टायपाया येत. तूच टाक. तू बघितलंस तर काय माजं रूप सांडणार हाय?"

"न्हाय मावशे. तूच टाक. आजवर तुजं फोटो माज्या दुकानात येत व्हतं. मी बघितलं त्यातलं. चुकलं माजं."

"आरं तिच्या! मंग सांगायचं न्हाईस का? माज्या लेकीच्या पोराच्या बारशात मी लय देखणी दिसत व्हते, तू एका सबदानं बोलला न्हाईस!"

रावजीनं तर मांडी थोपटली. "म्हंजी काल माइकवर सांगत व्हतास त्यो कुणीतरी तूच व्हय! लेका, माज्या म्हशी बघून बघून आंधळा कसा न्हाय झालास?"

असं हसण्यावारी गेलं की राजमहंमदला बरं वाटायचं. पण सगळेच कुठले हसायला. मोना आली, तिचा नवरा फौजेत. तिलाही त्यानं खरं ते सांगितलं.

"तुमी बघत व्हता?"

"जे खाजगी वाटलं ते सोडून दिलं, पोरी."

"सोडून दिलं म्हंजी दिसलं की."

तिनं फोन उचलला, खातं न उघडताच गेली. त्यानंतर दुकानासमोरून जायची वेळ आली तर ती रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं जायची. राजमहंमद मान खाली घालायचा. त्याला तिचा राग आला नाही. स्वतःची लाज वाटली, ती काही केल्या जाईना.

कवच फारसं कुणी घेतलं नाही. लोकांना आपलं स्वतःचं खातं मिळालं, तेवढ्यावर ते खूश झाले. प्रतिक्षा फोनवरून दोनदा ओरडली आणि मग तिनं बॅनर घेऊन जायला माणूस पाठवला.

दुपार मोकळी झाली. पूर्वी याच वेळी तो फोटो उघडायचा. आता अंगठा सवयीनं तिथं जायचा आणि परत यायचा. सिमरनचा रुसवा निघाला का, चप्पल सापडली का, कुणाला विचारायचं? इंदापुरात मोबाईलची दुकानं काय कमी आहेत? समिना त्यातल्या कुठल्याही दुकानात जाईल, खातं उघडेल, विषय संपला. हे त्यानं पासवर्ड बदलतानाच ओळखलं होतं. ओळखलं होतं म्हणून काय सोसवतं थोडंच?

पाचव्या दिवशी फोन वाजला. पडद्यावर नाव नव्हतं, नाव त्यानं चार वर्षांपूर्वीच रागानं काढून टाकलं होतं. पण नंबर त्याला पाठ होता. तो आधी उभा राहिला, मग त्यानं फोन उचलला.

"फोन पासवर्ड मागतोय," समिना म्हणाली. सलाम नाही, विचारपूस नाही. "जुना चालंना. शाहिदनं दोन दुकानं पालथी घातली, ते म्हणत्यात ज्याचं खातं त्यालाच इचारा. नवीन काय हाय तेवढं सांगा."

नवा पासवर्ड त्याच्या ओठांवर आला होता. आठ अक्षरं. ती सांगितली असती तर उद्या दुपारी पुन्हा सगळं पहिल्यासारखं झालं असतं, आणि कुणाला कळलंही नसतं. त्यानं काउंटरची कड घट्ट धरली.

"त्यो तुला लागत न्हाय," तो म्हणाला. "तू तुजं सवतंचं खातं उघड. तुजं फोटो हितं माज्याकडं येत व्हतं, समिना. दुकानाच्या खात्यात. मी बघत व्हतो."

पलीकडं लांबून एक बारीक आवाज आला, "अम्मी, कोण हाय?" राजमहंमदनं तो आवाज जन्मात पहिल्यांदा ऐकला. फोटोंना आवाज कुठला असायला!

"समदं बघितलं?" समिनानं विचारलं.

"समदं."

"दवाखान्यातलं पण?"

तेही बघितलं होतं. गेल्या पावसाळ्यात सिमरनला डेंग्यू झाला होता. पांढरी चादर, पुठ्ठा बांधलेला एवढासा हात, त्यात सुई, मिटलेले डोळे. त्या संध्याकाळी तो दुकान उघडं टाकून स्टँडवर गेला होता. इंदापूरच्या दोन गाड्या त्याच्या डोळ्यांदेखत सुटल्या. कुठल्या तोंडानं जायचं, कळलं कसं म्हणून सांगायचं, या विचारात तो उभाच राहिला आणि मग परत आला. तिसऱ्या दिवशी पोर बिस्किट खाताना दिसली तेव्हा त्याच्या घशाखाली पाणी उतरलं.

"बघितलं व्हतं," तो म्हणाला.

"बघितलं व्हतं." ती चिडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. "शाहिद कामाला पुण्यात व्हता. मी तितं तीन राती एकटी बसून व्हते, अब्बा. आपलं कुणी न्हाय म्हणून रडत व्हते. आन् तुमी हिकडं बसून बघत व्हता."

चार वर्षांनी तिनं त्याला अब्बा म्हटलं ते असं. दोन गाड्यांचं त्याच्या तोंडाशी आलं होतं. त्यानं ते सांगितलं नाही. त्या दोन गाड्यांत तो बसला नव्हता, सांगायचं काय त्यात?

शेवटी ती म्हणाली, "खातं कसं उघडायचं?"

त्यानं एकेक पायरी सांगितली. नाव टाक. आडनाव टाक. जन्मतारीख टाक, सात मार्च. ती कुठं अडखळली तर तो थांबायचा, हुंकार आला की पुढं सांगायचा.

"आता पासवर्ड टाक. मला सांगू नगंस."

"टाकला."

"झालं मंग."

"आता तुमाला काय दिसणार न्हाय," ती म्हणाली.

"न्हाय दिसणार."

"मंग नात बघायची आसंल तर यावं लागंल," ती तुटकपणे म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

ते बोलावणं होतं की टोमणा, राजमहंमदला कळेना. तो फोन हातात धरून तसाच उभा होता. काउंटरपुढं कारखान्यातला जोतीराम कधीचा येऊन थांबला होता.

"चाचा, माजं बी खातं उघडायचं ऱ्हायलंय."

"उद्या ये," राजमहंमद म्हणाला. जोतीराम पायरी उतरला तशी स्टँडवर लागलेली इंदापूरची गाडी राजमहंमदला दिसली आणि त्यानं मागून हाक मारली.

"जोतीराम! उद्या नगं. परवा ये."