सिकंदरचा इंच

मित्रांनो, मी एक जुना पॅटर्न आहे. खरं बोलायचं तर अर्धाच. माझी दुसरी फाळी गडमुडशिंगीतल्या एका घराच्या बंबात जळाली. ती जळत होती तेव्हा मी समोरच, न्हाणीच्या दाराला टेकण म्हणून पडलो होतो.

पॅटर्न म्हणजे काय, ते आधी सांगतो. ओतकामाच्या कारखान्यात लाकडाची वस्तू वाळूत दाबतात आणि अलगद उचलतात. वाळूत तिचा ठसा उरतो. त्यात लोखंडाचा रस ओतला की तसाच लोखंडी भाग तयार होतो. ते लाकूड म्हणजे मी. डोंगर चढणाऱ्या मोठ्या गाड्यांच्या इंजिनाला गार ठेवणारा पाण्याचा पंप असतो ना, त्याची बॉडी माझ्यावरून निघायची. मी स्वतः कधी गाडीत बसलो नाही, पण माझी लेकरं सगळा देश फिरली.

मला घडवलं सिकंदरभाईंनी, कोल्हापूरच्या उद्यमनगरात, केरबाच्या कारखान्यात. जुनं सागवान, हातात पटाशी आणि तोंडात पान. त्यांची मोजपट्टी मोठी अजब होती. तिच्यावरचा इंच बाजारातल्या इंचापेक्षा केसभर मोठा! लोखंड गार होताना आकसतं, म्हणून पॅटर्न आधीच थोडा मोठा करावा लागतो. उद्यमनगरात त्यावरून थट्टा चालायची. कुणाला चहा काठोकाठ हवा असला, की तो टपरीवाल्याला सांगायचा, “सिकंदरच्या इंचानं वत की रं.” खंडेनवमीला मला हळदकुंकू लागायचं, झेंडूचा हार पडायचा. भट्टीच्या धगीत, माणसांच्या शिव्यांत आणि हसण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. काय दिवस होते ते!

मग बाहेरच्या देशातून पंप यायला लागले. चकचकीत खोक्यातले, आणि आमच्या लोखंडाच्या भावात तयार माल! खरेदी करणारे तिकडे वळले. केरबानं भट्टी विझवली आणि शेड भाड्यानं दिली. कुणाला, माहीत आहे? त्याच परदेशी पंपांची खोकी ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला. दैवाची चेष्टा म्हणायची, दुसरं काय! सिकंदरभाई तोवर अल्लाघरी गेले होते. आम्ही सगळे पॅटर्न पोत्यांत भरून केरबाच्या घरी आलो. त्याच्या बायकोला, शालूबाईंना, वाळलेलं सागवान दिसलं. रोज सकाळी एकेक सोबती बंबात गेला आणि घरादारानं कढत पाण्यानं अंघोळी केल्या. मी एका बाजूनं सपाट, दाराखाली नीट बसायचो, म्हणून वाचलो.

शालूबाईंना मी दोष देत नाही. बंद कारखान्यातलं लाकूड घरात आलं, तर बाईमाणसानं त्याचं काय करावं?

केरबाचा थोरला, राजवर्धन, फौजेत गेला. बर्फातल्या उंच चौकीवर त्याची नेमणूक झाली तेव्हा केरबानं गल्लीत पेढे वाटले. पाठोपाठ सरहद्दीवर तणाव वाढला. आणि एक दिवस दारात एक पाहुणे आले. फौजेच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या कारखान्यातले साहेब होते. चहा समोर गार होत होता, पण त्यांनी कपाला हात लावला नाही. वर रसद नेणाऱ्या गाड्या पायथ्याशी उभ्या आहेत, म्हणाले. पाण्याचे पंप निकामी झालेत. ते बनायचे सरहद्दीपलीकडच्या देशात.

“त्यांनी एक गोळी झाडली नाही, केरबाराव. नुसती खोकी पाठवायची थांबवली.”

देशात शोधाशोध करता करता कुणीतरी त्यांना केरबाचं नाव सांगितलं होतं. घाटातली वाट बर्फानं बंद व्हायच्या आत पंप हवे होते. वर चौकीत शिधा आणि रॉकेल संपत आलं होतं. कुठली चौकी, ते साहेबांनी सांगितलं नाही. केरबानं विचारलंही नाही. भिंतीवरच्या राजवर्धनच्या फोटोकडे तो नुसता बघत राहिला.

“पॅटर्न हाय का बघतो,” म्हणून तो उठला आणि घरभर हुडकत सुटला. माळा, गोठा, परस, सगळं पालथं घातलं. शालूबाई बंबापाशी उभ्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि माझ्याकडे बोट केलं. त्या दिवशी कितीतरी वर्षांनी मला कुणीतरी दोन्ही हातांनी उचललं.

केरबाची लेक क्रांती मशीनशॉपमध्ये कामाला होती. तिनं मला मोजलं, मग साहेबांनी आणलेला परदेशी पंप मोजला. मी मोठा भरलो.

“आबा, ह्यो फुगलाय. न्हाणीच्या वाफंनं लाकूड फुगलंय.”

मित्रांनो, सागवान असं फुगतं होय? पण न्हाणीत पडलेलं लाकूड बघून कुणालाही तेच वाटलं असतं. केरबाचा जन्म भट्टीपाशी गेला, पण लाकडाचं माप कायम सिकंदरभाईंचं. आणि डोक्यात तर पोरगं बसलेलं. “तास,” तो म्हणाला. मी ओरडलो असतो हो, पण लाकडाला तोंड कुठून येणार? रंधा फिरला. सिकंदरभाईंनी माझ्या अंगावर ठेवलेला तो केसभर मोठेपणा भुशात पडला. त्याच मापानं माझी दुसरी फाळी केली. एका ओळखीच्या माणसाच्या भट्टीवर नेऊन रस ओतला.

पंप गार झाला, आणि आकसला. कडा पातळ पडल्या, घासून सपाट करायला लोखंडच उरलं नाही. जोडून पाणी सोडलं तर चारी बाजूंनी पिचकाऱ्या! केरबानं तो हातात धरला आणि कपाळावर हात मारून घेतला.

“सिकंदरचा इंच! आरं देवा, सिकंदरचा इंच इसरलो की गं पोरी!”

दोघं धावत सिकंदरभाईंच्या घरी गेले. मीही क्रांतीच्या पिशवीत होतो. त्यांच्या बायको, मदिनाभाभी, शिवणावर बसल्या होत्या, आणि ती पट्टी त्यांच्या पुढ्यातच होती. ब्लाऊजचा गळा आखायला घेतली होती. मागितली तशी त्यांनी लगेच काढून दिली.

“खोटं माप दाखवती म्हणून बायका हसत्यात मला,” त्या म्हणाल्या. “पर त्ये म्हणायचे, गार झाल्यावर खरं ठरतंय.”

त्या पट्टीवर नवा पॅटर्न झाला. नव्यानं ओतलेला पंप असा बसला की पाण्याचा थेंब गळेना. तसे हवे तेवढे पंप ओतून झाले आणि साहेब ते घेऊन तसेच विमानानं गेले. सगळं बरोबर झालं होतं, फक्त उशिरा. वर बर्फ पडलं आणि वाट बंद झाली. पंप गाड्यांना बसले, गाड्या सुरूही झाल्या, आणि पायथ्याशी उभ्या राहिल्या. फौज दुसरा मार्ग शोधते आहे, एवढंच साहेब फोनवर सांगतात. राजवर्धनचा फोन लागत नाही. केरबा तरी लावतच असतो.

मित्रांनो, शालूबाईंनी मला आता देव्हाऱ्यापाशी ठेवलंय. कुंकू लावतात, हात जोडतात. मला हे नको आहे हो! पूजा करून पंप निघत नाहीत. आम्हा पॅटर्नना वाळू द्या. तुमच्या गावात भट्टी विझत असेल, कुणी जुनी हत्यारं मोडीत घालत असेल, तर आडवे पडा. स्वस्तात मिळतं म्हणून सगळंच दुसऱ्याकडून आणलं, की आपलं पोर उपाशी ठेवायचं की नाही, तेही तोच ठरवतो.

बंब अजून परसातच आहे, पण त्यात आता कुणी जाळ घालत नाही. केरबा पहाटे उठतो आणि हौदाचं गार पाणी तांब्या तांब्यानं अंगावर घेतो. थरथरतो, दात वाजतात. आज शालूबाईंना राहवलं नाही. “थोडं पाणी तापवू का?” म्हणाल्या.

“त्येला तिकडं कोण तापवून देतंय?” केरबा म्हणाला, आणि पुढचा तांब्या ओतला.