वाळवणाचा नंबर

मित्रांनो, मी एक जुना मॅक्रो आहे. मॅक्रो म्हणजे एक्सेलच्या फाईलमध्ये लिहून ठेवलेल्या सूचना. सौंदडजवळच्या एका धान खरेदी केंद्रावर रीनाताईंनी मला लिहिले आणि माझे नाव ठेवले 'वाळवण'.

केंद्रावर ओले धान आले की शेतकऱ्याला ते वाळवायला परत पाठवतात. वाळवून आणल्यावर त्याला त्याचा जुनाच नंबर मिळावा, एवढे माझे काम. नोंदीपुढे 'परत' लिहिले की मी आपोआप जागा होत असे आणि त्याची जागा राखत असे. कुणाला पत्ताही लागत नसे.

पुढे रीनाताई हिशेबाच्या टेबलावर गेल्या. त्यांच्या जागी गोंदियाहून इंद्रकुमार आले. त्यांनी माझ्याच फाईलमध्ये टोकन छापणारा मॅक्रो बसवला आणि त्याला लाल बटण दिले. लोक बटणाकडे बोट दाखवून म्हणत, "काय मस्त चालून राहिलं!" माझा जीव जळे. मला साधे राखाडी बटणही नव्हते.

त्याहून जास्त हेवा वाटला तो तिसऱ्याचा. इंद्रकुमारांनी एक प्रोग्राम लिहिला. तो एकेक फाईल उघडत असे आणि आतल्या मॅक्रोंची नावे उतरवून घेई. आम्ही राबायचे, त्याने नुसती हजेरी घ्यायची, आणि शाबासकी त्यालाच! तरीही त्याने 'वाळवण' लिहिले तेव्हा मी सुखावलो.

यादीतले तेच नाव मला भोवले. "इसका तो बटन ही नहीं," म्हणत इंद्रकुमारांनी माझ्या आतल्या प्रत्येक ओळीपुढे खूण केली. अशी ओळ संगणक पाळत नाही. मी जागच्या जागी मुका झालो.

दुसऱ्या दिवशी, आदल्या दिवशी परत पाठवलेले शेतकरी उदाराम धान वाळवून घेऊन आले. आभाळ भरून आले होते, पोती उघड्यावर होती, आणि टोकनावर त्यांचा नंबर सगळ्यांच्या शेवटी.

"काल माहा नंबर पुढं होता. आज सर्वाच्या मांगं काऊन जी?"

"भाऊ, कंप्यूटर ने जो दिया, वही है," इंद्रकुमार म्हणाले.

"काल तं त्याले समजत होतं. आज का भांग पेला का तो?"

रांग हसली. रीनाताई मात्र उठून आल्या. "वाळवण कुठं आहे?"

"दीदी, लिस्ट में नाम था. काम का नहीं लगा, तो बंद किया."

"नाव वाचलं, आत काय लिहिलं ते वाचलं नाही?"

इंद्रकुमारांनी फाईल उघडली. त्यांनी स्वतःच एकेक खूण काढली. उदारामांची पोती पुढे सरकली, काट्यावर चढली आणि थेंब पडायच्या आत गोदामात गेली.

"उतरली त्याची भांग," उदाराम म्हणाले.

इंद्रकुमारांनी तो प्रोग्रामही सुधारला; आता तो प्रत्येक नावापुढे त्याचे कामही लिहितो. माझ्यापुढे लिहितो, 'वाळवून आणणाऱ्याची जागा राखतो.' माझ्याबद्दल इतके कुणी कधी बोलले नव्हते. आणि बोलला तो, ज्याच्यावर मी जळत होतो.

मित्रांनो, एखादी गोष्ट गप्प आहे म्हणून ती निकामी समजू नका. बंद करण्याआधी आत डोकावून पाहा.

लाल बटणाचा हेवा मात्र मला अजून वाटतो.