नकाराचे नियम

गुजरातेत, डिंडोलीच्या मराठी वस्तीत, चैतालीशी कुणी धड बोलत नसे. पर्वत पाटियाच्या पुढं, कडोदऱ्याच्या रस्त्यावर साड्या छापायची एक मिल आहे. तिच्या टाइम ऑफिसात ती नऊ वर्षं कामाला होती आणि मिलचे निम्मे कामगार तिच्याच आजूबाजूच्या गल्ल्यांतले. त्यांचे रजेचे अर्ज व्हॉट्सॲपवर तिच्याकडे यायचे, आणि ‘रजा मंजूर नाही’ हे उत्तरही तिच्याच नावानं जायचं. नाही म्हणणारा असायचा प्रमोद, टाइम ऑफिसचा साहेब. तोही डिंडोलीचाच, पण त्याला बारशाची, लग्नाची बोलावणी यायची. तिला पाहून बायका बोलता बोलता गप्प व्हायच्या.

फेब्रुवारीत शेठनं कंपनीसाठी एआय घेतलं. प्रमोदनं तिच्या टेबलावर कॉम्प्युटर वळवून ठेवला.

“नवीन पोरगी कामाला लागली तर तिला कसं समजावशील, तसं लिही. मराठीत लिही, चालेल. ते वाचतं आणि तसंच करतं. अर्ज आला की उत्तर ते देणार.”

“मग मी काय करायचं?”

“आधी लिही. जेवायच्या सुट्टीपर्यंत उरकून टाक.”

“उत्तराच्या खाली नाव कुणाचं?”

“तुझंच. लोकांना सवय आहे.” एवढं बोलून तो हसला.

ते हसू तिच्या डोक्यात गेलं. नऊ वर्षं तिनं लोकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. आता तिच्या जागी यंत्र बसणार होतं आणि शिव्या तेवढ्या तिच्या नावावर राहणार होत्या. ती लिहायला बसली. काही खोटं लिहायचं नाही, एवढं तिनं ठरवलं.

‘पहिला अर्ज कधीच मंजूर करायचा नाही. हा प्रमोद साहेबांचा नियम आहे. दुसऱ्यांदा रजा मागितली तर पुरावा मागायचा. शेठच्या गावच्या माणसाला मागितल्याबरोबर द्यायची. चौदा एप्रिलला रजा मागणाऱ्याला काम जास्त आहे असं सांगायचं, काम नसलं तरी. हाही साहेबांचाच नियम.’ असे दहा नियम झाले. शेवटी तिनं अकरावा लिहिला, ‘नाही म्हणताना खरं कारण सांगायचं.’

हा एकच नियम तिचा स्वतःचा होता.

तिनं एक जुना अर्ज घालून पाहिला. उत्तर आलं, ‘आपली रजा मंजूर नाही. हा आपला पहिला अर्ज आहे, आणि प्रमोद साहेबांच्या नियमाप्रमाणे पहिला अर्ज मंजूर केला जात नाही. – चैताली, टाइम ऑफिस.’ तिनं ते दोनदा वाचलं. मग अकराच्या अकरा नियम तिनं प्रमोदला पाठवले. तो शेठबरोबर बाहेर गेला होता. दहा मिनिटांत उलट निरोप आला, ‘बराबर छे. चालू कर.’ त्यानं वाचलं नाही हे तिला कळलं. तिनं चालू केलं.

होळी जवळ आलेली, अर्जांचा ढीग पडला होता. संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस जणांना उत्तरं गेली.

सकाळी गेटवर शंभरेक माणसं उभी होती. आत एकही मशीन सुरू झालं नव्हतं. प्रमोद गुजरातीत समजावत होता, “कॉम्प्युटरची चूक आहे, बटण चुकीचं दाबलं गेलं.” लोटू नावाचा म्हातारा कारागीर पुढं आला. गेल्या वर्षी त्याच्या मुलीला सासरच्यांनी माहेरी धाडलं, गावाकडं शिरपूरला पंचांची बैठक बसली, आणि याला रजा मिळाली नाही. मुलीचा बाप बैठकीला नव्हता म्हणून पंचांनी दोन वर्षांचं पोर सासरीच ठेवून घेतलं.

“बटण नव्हे,” लोटू म्हणाला. “तुनं नाव शे इथं. वाच.” त्यानं मोबाइल प्रमोदच्या नाकासमोर धरला.

शेठची गाडी आली. त्यानं चैतालीला आत बोलावलं. प्रमोद तिच्याआधी बोलू लागला, “शेठ, हिनं मुद्दाम–” तिनं त्याचा ‘चालू कर’चा निरोप शेठपुढं धरला. शेठनं तो वाचला, मग अकरा नियम वाचले.

“हे सगळं खरं आहे?”

“नऊ वर्षांचं आहे, शेठ. साहेबांना विचारा.”

प्रमोदनं उठून गेटकडची खिडकी लावून घेतली.

छपाईचा रंग तयार होऊन पडला होता. तो वाया घालवणं शेठला परवडणारं नव्हतं. त्यानं गेटवर जाऊन पहिल्या अर्जाचा नियम रद्द केला, चौदा एप्रिलची रजा कबूल केली. दहा वाजता मशिनं सुरू झाली. प्रमोदला तो चार शब्द बोलला असेल, पण खुर्ची त्याचीच राहिली. संध्याकाळी चैतालीला बोलावून शेठ शांतपणे म्हणाला, “तुमचं काम आता ते करतंच आहे. महिन्याचा पगार घेऊन जा.”

जिन्यात प्रमोद भेटला. “गल्लीत राहायचं आहे तुला,” तो म्हणाला.

“तुम्हालाही,” ती म्हणाली.

घराच्या वळणावर लोटू ओट्यावर बसला होता. आज तरी तो बोलेल, असं तिला वाटलं. तो बोललाही.

“तुले नऊ वरीस माहीत व्हतं. तवय कसाले बोलनी नही?”

“नोकरी गेली असती, आप्पा.”

“आनि मनी पोरनं पोर गयं ते?”

“गेलीच नोकरी,” ती हळूच म्हणाली. “उद्यापासून नाही मी.”

“बरं झायं,” म्हातारा म्हणाला, आणि उठून आत गेला.