‘गेट’चे एकेचाळीस अर्थ

हातकणंगल्याच्या ऐश्वर्याला एक खोड होती. शिकवायचं तर सगळंच्या सगळं, मग समोरच्याचा जीव मेटाकुटीला येवो. परीक्षेच्या नोट्सवर वाढलेली पोरगी ती. ती मोबाईलवरून इंग्रजी शिकवायची. चीनमधल्या तिच्या विद्यार्थिनीला, लिनबाईंना, तिनं इंग्रजीतल्या ‘गेट’ या एवढ्याशा शब्दाचे एकेचाळीस अर्थ काढून धाडले. मिळणं, पोचणं, समजणं, आजारी पडणं, बसमध्ये चढणं आणि उतरणंसुद्धा!

लिनबाई साठीच्या. दिवसभर शिवणाचं दुकान चालवायच्या आणि ते बंद केलं की मोबाईलवर शिकायला बसायच्या. लेक लंडनला, जावई इंग्रज, नुकताच नातू झालेला. जावयाशी-नातवाशी चार शब्द बोलायचे होते. ऐश्वर्याकडं आता ही एकच विद्यार्थिनी उरली होती. बाकीचे याद्यांना भिऊन पळाले, हे तिला कोण सांगणार?

त्या संध्याकाळी लिनबाईंनी वही मिटली. “एका शब्दाला एकेचाळीस तोंडं. माझं डोकं म्हातारं. उद्यापासून नको,” त्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाल्या.

तेवढ्यात सासूबाई, राजमतीबाई, दारात येऊन गरजल्या, “अगं, दिवस बुडाय लागला की! आजबी उपाशीच निजणार हाईस व्हय? उठ!”

“कोण? काय म्हणतात?” लिनबाईंनी विचारलं.

ऐश्वर्या ओशाळली, पण आता लपवायचं तरी कशाला? आम्ही जैन, दिवस मावळल्यावर आमच्यात जेवत नाहीत, आणि तुमचा तास नेमका त्याच वेळी असतो, असं तिनं सोप्या शब्दांत सांगून टाकलं.

“म्हणजे तास सुरू झाल्यापासून दोन महिने तू रात्री उपाशी?”

ऐश्वर्यानं मान डोलावली. मग लिनबाई जे कडाडल्या! अर्धं चिनी, अर्धं इंग्रजी. बोलणं कळलं नाही तरी राजमतीबाई पदर सावरून ताठ उभ्या राहिल्या.

“उद्यापासून दुकान तासभर आधी बंद करते,” लिनबाई शेवटी म्हणाल्या. “तू लवकर शिकव. रोज एकच अर्थ! आता जा, जेव.” आणि त्यांनी फोन बंद केला.

ऐश्वर्यानं भाकरीचा घास मोडला तेव्हा अंगणात बोटभर ऊन शिल्लक होतं.

“काय म्हणली गं ती बाई?” राजमतीबाईंनी विचारलं.

“तुमच्यासारखीच खेकसली, आत्ती,” ऐश्वर्या म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं.