बोटभर गळती

सहदेव राण्यांनी उभी हयात गिरणीत वाफेचे पाइप आवळण्यात घालवली होती. कुठे थेंब दिसला की त्यांचं डोकंच फिरायचं. गिरणी बंद पडली तरी हाताची खोड काही गेली नाही. आता ते मरोळला मुलीच्या गाळ्यात बसून पंपांची जुळणी करायला मदत करत.

त्यांच्या मुलीनं, सुलक्षणानं, बरी नोकरी सोडून डायलिसिसच्या मशीनचा रक्तपंप बनवायला घेतला होता. मऊ नळी, तिच्यावरून फिरणारे दोन रोलर. नळी दाबत जातात आणि रक्त पुढे ढकलतात. बटण जास्त फिरवलं की रोलर वेगात आणि रक्त भरपूर, कमी केलं की संथ. मुलुंडच्या एका इस्पितळाचे डॉ. गोठोस्कर आज तो बघायला येणार होते. त्यांना पटला नाही तर गाळ्याची किल्ली परत करायची, असं बापलेकीचं ठरलं होतं.

सुलक्षणा डॉक्टरांना आणायला फाटकाकडे गेली आणि सहदेवांचं लक्ष नळीकडे गेलं. पंप बंद होता, नळीचं टोक वर टांगलेलं होतं आणि चाचणीसाठी आत भरलेलं पाणी हळूहळू खाली सरकत होतं. म्हणजे रोलरखालून झिरपत होतं!

"अरे देवा, ह्यां गळता!" ते पुटपुटले. पोरगी डॉक्टरांसमोर तोंडघशी पडणार. त्यांनी पाना उचलला आणि रोलरचे नट गिरणीतल्यासारखे आवळले. पाणी जागच्या जागी थांबलं. सहदेव खूश झाले.

डॉक्टरांनी बटण फिरवून पाहिलं. धार वाढली, कमी झाली, अगदी सांगितल्या मापात आली. मग त्यांनी पंप थांबवला, टांगलेल्या नळीकडे बराच वेळ पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

"जराही उतरत नाही? रोलर फार दाबतायत. रक्ताच्या पेशी चिरडतील, पेशंटचे हाल होतील. असा पंप मी नाही घेऊ शकत."

सुलक्षणाचा चेहरा पडला. पान्याकडे पाहताच काय झालं ते तिला कळलं, पण ती म्हणाली, "माझ्या हातून जास्त आवळला गेला."

सहदेवांना ते सोसवेना. "खोटं बोलता ती, डॉक्टर. मी आवळलंय. तिनं नीट लावलेला, मीच वाट लावली."

"मग सैल करा ना, बाबा," सुलक्षणा हळूच म्हणाली.

बोलायला सोपं. आयुष्यात मुद्दाम गळती ठेवायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. त्यांनी दात-ओठ खात नट थोडे मागे फिरवले. पाणी हललं नाही. आणखी थोडे. नळीतलं पाणी सावकाश उतरू लागलं. डॉक्टर घड्याळ धरून उभे, सुलक्षणा श्वास रोखून. मिनिटभरात पाणी बोटभर खाली आलं.

"आता बरोबर! सोमवारी मुलुंडला घेऊन या. तिथंच बसवू."

सहदेव धोतराचा सोगा सावरत बाहेर धावले. "गळता रे! माझ्या चेडवाचो पंप गळता!"

शेजारच्या गाळ्यातला दत्ताराम लेथ बंद करून बाहेर आला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ द्या, काका. पुढच्या खेपेला जमेल तिला."

"अरे गाढवा," सहदेव डोळे पुसत हसले, "पास झाली ती!"