अष्टमीचं पाणी

दीनानाथांनी निळी नायलॉनची दोरी उचलून धरली आणि नातीला खालून जायला सांगितलं. सई वाकून पलीकडे गेलीसुद्धा. उरणजवळच्या मोरा बंदराच्या पुढच्या खडकाळ किनाऱ्यावर गावकऱ्यांनी ही दोरी सकाळीच ताणली होती आणि ती राखायला गावातल्या भरतला गळ्यात शिट्टी अडकवून उभं केलं होतं. तो धावत आला.

"आजोबा, फुडं जाव नका. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागलाय."

"बावटा होड्यांसाठी असतो. आमच्याकडे होडी दिसतेय का तुला?"

"भायेर वादल हाय, आजोबा."

"बाहेर म्हणजे शेकडो मैल बाहेर. ते ओमानला चाललंय. बातम्या मीही बघतो."

भरतने समुद्राकडे हात केला, पण समुद्राने त्याची बाजू घेतली नाही. वारा पडला होता. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता, उन्हात पाणी चकाकत होतं आणि उघड्या खडकांच्या खळग्यांतून खेकडे तुरुतुरु पळत होते. वादळ म्हटल्यावर माणसाच्या डोळ्यांपुढे जे जे उभं राहतं, त्यातलं तिथे काहीही नव्हतं. भरत तरी काय दाखवणार?

आणि दीनानाथांना काही पटवून देणं हे तसंही सोपं काम नव्हतं. सुकापूरच्या फ्लॅटमध्ये महिनाभर त्यांचा एकच लढा चालला होता, आपलं डोकं ठिकाणावर आहे हे सिद्ध करण्याचा. दूध गॅसवर ठेवून ते खाली फेरफटका मारायला गेले होते. पातेलं जळून कोळसा झालं, घरभर धूर झाला आणि त्या दिवसापासून सुनेने, चारुताने, सईला त्यांच्याजवळ एकटं ठेवणं बंद केलं. बोलली काहीच नाही. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं. नुसती सईला कधी शेजारी, कधी क्लासला, कधी मैत्रिणीकडे धाडू लागली. म्हाताऱ्याच्या जिवाला ते फार लागलं. बायको गेल्यापासून त्यांना दुसरं काही नको होतं, ती चौथीतली पोर तेवढी हाताशी हवी होती.

म्हणून मग आज तिथीचा हिशोब बाहेर निघाला. दीनानाथांचं लहानपण उरणच्या किनाऱ्यावर गेलं होतं आणि तिथल्या पोरांना पाऊणकीचा पाढा शाळेआधी समुद्र शिकवायचा. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ हाती येते. दिवाळीची सुट्टी, सईचा हट्ट आणि चारुताचं घरून काम, असा सगळा मेळ जमून तिघं गाडीने निघाली, तेव्हा त्यांनी हा हिशोब सुनेला ऐकू जाईल अशा बेताने नातीला समजावला होता.

"आज कार्तिक शुद्ध अष्टमी. आठ पाऊणे सहा. सहाला भरती, म्हणजे बाराला पूर्ण ओहोटी. त्यातून अष्टमीला भांग असतो. पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही. आळशी पाणी."

वर रस्त्याच्या कडेला गाडी लावली तेव्हा चारुताच्या कानात ऑफिसचा कॉल चालू होता. तो म्यूट करून तिने विचारलं होतं, "बाबा, शुअर ना?"

"पंचांग बघ हवं तर."

तिने सईचा हात त्यांच्या हातात दिला. दीनानाथांना इतका आनंद झाला, की तो लपवायला ते उगाच खोकले.

त्या आनंदावर आता एक शिट्टीवाला विरजण घालणार होता काय? "आत्ता येतो," असं म्हणून ते दोरीपलीकडे उतरले. भरत मागून हाका मारत राहिला.

सई एका खळग्यापाशी उकिडवी बसली. दीनानाथ तिला शंखातला खेकडा दाखवत होते. तिने मान वर केली आणि बोट दाखवलं.

"आजोबा, पाणी बघ कुठे गेलं."

पाणी खडकांवरून सरसर मागे चाललं होतं. कधी उन्हाचं तोंड न पाहिलेले काळे, बुळबुळीत खडक एकामागून एक उघडे पडत होते आणि त्यांच्या फटींतून घशात ओढल्यासारखा आवाज येत होता. दीनानाथांच्या हिशोबात हे बसत नव्हतं. त्यांनी घड्याळ पाहिलं. घड्याळ बरोबर होतं. तिथीही बरोबर होती. तेवढ्यात भरतची शिट्टी वाजली आणि थांबेचना.

लाट फुटत आली नाही. लांबवर समुद्र नुसता फुगला आणि तो फुगवटा गुपचूप किनाऱ्याशी आला. शेकडो मैलांवर वादळाने ढवळलेलं पाणी वाट चालत इथवर पोचलं होतं, त्याला अष्टमी कोण सांगणार? खडकांना पाय लागताच ते उभं राहिलं, हिरवं, घराएवढं, आणि कोसळलं.

दीनानाथांनी सईचं मनगट धरलं तेवढं त्यांना कळलं. मग पाण्याने दोघांना उचलून खडकावर आपटलं, फरफटवलं, पुन्हा आपटलं. कपाळ फुटलं. शिंपल्यांच्या धारांनी पाठ सोलत गेली. तोंडात वाळू, खारं पाणी आणि रक्त एकदमच आलं. पाणी मागे फिरलं तेव्हा ते सईला घेऊन फिरलं आणि दीनानाथ एका हाताने खडकाच्या कपारीला आणि दुसऱ्या हाताने त्या मनगटाला लोंबकळत राहिले. सगळा समुद्र पलीकडून ओढत होता. त्यांच्या मुठीत काहीतरी कट्‌कन मोडलं. सईची किंकाळी त्यांनी ऐकली आणि मूठ आणखी आवळली. सोडणं शक्यच नव्हतं. हाड मोडतंय हे कळूनही त्यांनी ते धरून ठेवलं.

दुसरी लाट पहिलीहून मोठी होती. ती आली तेव्हा भरत दोरी कमरेला बांधून त्यांच्यापाशी पोचला होता. पाण्याने त्याला तोंडघशी खडकावर आपटलं. तो उठला, सईला काखेत धरलं, पुन्हा पडला, पुन्हा उठला. वरून गावातल्या बायाबापड्यांनी दोरी खेचली आणि तिघांनाही ओढून वर घेतलं. चप्पल फेकून चारुता रस्त्यावरून धावत येत होती.

सईला तिच्या हवाली केल्यावर भरत वळला. ओठ फाटून लोंबत होता, पुढचे दात गेले होते. त्याने दीनानाथांच्या कानाखाली अशी लगावली, की ते गुडघ्यावर आले.

"सांगत नव्हतू?" तो म्हणाला. "तुला सांगत नव्हतू मी?"

दीनानाथांना शाळा सोडल्यापासून कुणी मारलं नव्हतं. त्यांना ती थप्पड कमी वाटली.

पनवेलच्या इस्पितळात सईला आत नेलं. हात दोन ठिकाणी मोडला होता, डोक्याला मार होता. जिवाला धोका नाही, हाताचं मात्र आत्ता काही सांगता येत नाही, असं सांगून दार लागलं. बाहेरच्या अपघात विभागात ओल्या कपड्यांत चारुता बाकावर बसली होती. तपासणीच्या स्टुलावर दीनानाथ होते आणि एक तरुण डॉक्टर त्यांच्या कपाळाला टाके घालत होते. तेवढ्यात चारुताच्या फोनवरून सगळं कळलेला दीनानाथांचा मुलगा विश्वजीत ऑफिसातून आला. दारात पाऊल टाकल्या टाकल्या त्याने बापाची कॉलर धरली.

"दोरी होती ना? बावटा होता ना? तो माणूस सांगत होता ना तुम्हाला? मग का नेलंत तिला? का?"

प्रत्येक 'का'ला दीनानाथांचं डोकं मागच्या भिंतीवर आदळलं. नर्स मध्ये पडली. डॉक्टरांनी विश्वजीतचं मनगट धरलं.

"त्यांच्या डोक्याला मार आहे, साहेब. मला तपासू द्या." मग वाकून त्यांनी विचारलं, "आजोबा, आज वार कोणता?"

गुरुवार. शब्द जिभेवर आला होता. दीनानाथांनी मुलाकडे पाहिलं. कॉलर अजून त्याच्या मुठीत होती, पण चेहऱ्यावर रागाबरोबर दुसरंही काही होतं. तो वाट बघत होता. बापाने शुद्धीत राहून हे केलं असेल तर त्याला कधीच माफ करता येणार नव्हतं. बापाला कळेनासंच झालं असेल तर येणार होतं.

"रविवार," दीनानाथ म्हणाले.

विश्वजीतची मूठ सुटली. त्याचे डोळे भरून आले. "बाबा," असं म्हणून त्याने चुरगळलेली कॉलर हाताने सरळ केली. म्हाताऱ्याला सुटल्यासारखं वाटलं. लाजही वाटली, पण आधी सुटल्यासारखंच वाटलं. यापुढे आपल्या हाती कुणी सईला देणार नाही हे त्यांना कळत होतं, आणि ते तर कसंही होणारच होतं.

मग विश्वजीत बाकाकडे वळला.

"तुला माहीत होतं," तो चारुताला म्हणाला. "महिनाभर तूच सांगतेयस, बाबांचं आता काही खरं नाही. तरी त्यांच्याबरोबर सोडलीस पोरीला? एका कॉलसाठी?"

चारुताने सईला आत नेलेल्या बंद दाराकडे मान वळवली.

"बोल ना!"

त्याने हात उगारला. लग्नाच्या इतक्या वर्षांत त्याने असं कधी केलं नव्हतं. चारुताने तोंड चुकवलं नाही. उलट मार मागून घेत असल्यासारखी ती मान जरा पुढे करून बसली.

"गुरुवार," दीनानाथ म्हणाले.

डॉक्टरांनी चमकून पाहिलं.

"आज गुरुवार आहे, विश्वजीत. तिने विचारलं होतं मला. दोनदा विचारायची गरज पडू नये असं उत्तर मी दिलं. मी पूर्ण शुद्धीत होतो. भरत सांगत होता तेही मला नीट कळत होतं."

विश्वजीतचा हात तसाच वर राहिला. अर्धवट टाक्यांचा दोरा कपाळावर लोंबत असताना दीनानाथ स्टुलावरून उठले, सुनेच्या पुढे आले आणि त्या हाताच्या टप्प्यात उभे राहिले.